मुलगी होती म्हणून सांगा

बारावीनंतर नर्सिंगच्या यादीत नाव लागेपर्यंत मी कोल्हापुरातल्या एका सांजदैनिकात मुद्रितं तपासायला जात होते. पहिल्या वर्षी नाव लागलं नाही, म्हणून ते काम दोन वर्षं चाललं. तिथल्या वृत्तसंपादकांचे नियम थोडे होते. जे पाहिलं तेवढंच लिहायचं. वेळ आणि ठिकाण सोडायचं नाही. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती छापायची; तीत खेद, क्षमा असलं काही नको, चुकलं काय आणि बरोबर काय एवढंच. पुढे मी बाळंतपणाचं काम केलं, पण लिहायची रीत तिथलीच राहिली.

१९९३ साली मी राजारामपुरीतल्या एका खाजगी प्रसूतिगृहात लागले. दहा खाटा, दोन टेबलांची लेबर रूम, वरच्या मजल्यावर डॉक्टर मॅडमचं घर. माझ्या प्रमाणपत्रावर ‘प्रसविका’ हा शब्द होता; तो कुणी कधी उच्चारला नाही. शहरातले लोक सिस्टर म्हणत, खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या सुईणबाई म्हणत आणि घाईत असलेले ‘अवो बाई’ म्हणत. हाताखाली एक आया होती. वयानं माझ्या दुप्पट, आवाजानं चौपट. सगळे तिला मावशी म्हणायचे. दारात गर्दी झाली की ती आतूनच ओरडायची, “पावणं, चपला भायेर काडा की! बाळ काय चिखलात उतरवायचं हाय व्हय?”

जिच्या हातात बाळ येई तिनंच दारात जाऊन सांगायचं, अशी तिथली पद्धत होती. मुलगा म्हटलं की तासाभरात पेढे येत. मुलगी म्हटलं की जिलबी येई, कधी संध्याकाळी, कधी येतच नसे. मावशी पुड्याचा आकार बघून रजिस्टर न उघडता दिवसाचा हिशेब सांगायची. नको म्हणायची सोय नव्हती. बाळाचं गोड नाकारणं अशुभ, म्हणून हात धुऊन एक तुकडा तोंडात टाकायचाच. पहिल्या वर्षात माझं वजन चार किलोंनी वाढलं.

दुसरी पद्धत बोलण्याची नव्हती, गप्प राहण्याची होती. बाई कळा घेऊन आली की पोटावर नळी ठेवून मी बाळाचे ठोके मोजायची. ते सापडले नाहीत तर तसं बोलायचं नाही. “बाळ जरा फिरलंय, मॅडम बघतील,” असं म्हणायचं. मॅडम ऑपरेशनला दुसरीकडे गेलेल्या असल्या तर येईपर्यंत तासही लागे. त्या तासात बाई कळा देत असते, मधेच विचारते, “सगळं बरं हाय न्हवं?” आणि उत्तर देणाऱ्याशिवाय खोलीत ते कुणालाच माहीत नसतं. मी तेव्हा खिडकीच्या कडीकडे बघायची. कडीला पिवळा रंग होता आणि एका जागी तो उडाला होता. अजूनही डोळे मिटले की ती जागा दिसते.

१९९४ सालचा नागपंचमीचा दुसरा दिवस. सकाळी साडेनऊच्या सुमाराला गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. पहिलटकरीण, वय वीसच्या आतबाहेर. सासर इचलकरंजीत, नवरा यंत्रमागावर पाळीनं कामाला. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती आणि कळा रात्रभर लांबल्या म्हणून जीप करून तिला इकडे आणलं होतं. बरोबर तिचा मोठा भाऊ आणि आई. आई साठीकडे झुकलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मुलगी तिला अव्वा म्हणत होती.

मी नळी ठेवली. डावीकडे, उजवीकडे, बेंबीखाली. मग परत डावीकडे. माझ्याच कानातले ठोके ऐकू येत होते.

“लागलं का?” तिनं विचारलं.

“बाळ फिरलंय जरा. मॅडम येतायत.”

“आमचं बाळ लई फिरतंय. पंचमीचा झोका घेतला काल, तवा गप बसलं बघा.”

शेजारच्या टेबलावर शहरातलीच दुसरी बाई होती. तिला अकराच्या सुमारास मुलगा झाला. मोठा आवाज, मोठं वजन. मी दारात जाऊन सांगितलं आणि परत आले. मॅडम आल्या होत्या. त्यांनी पोटाला हात लावला, नळी ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं. पुढच्या अर्ध्या तासात आम्ही कामापुरतं बोललो. बाळ आलं ते निळसर आणि शांत. मुलगा होता. मॅडमनी पाच मिनिटं प्रयत्न केला, मग हातमोजे काढले. मी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लक्षात ठेवली, त्याला पुसलं, वजन केलं आणि दुपट्यात गुंडाळलं.

बाईला ग्लानी आली होती. टाके घालायचे होते. बाळ मी पाठीमागच्या छोट्या खोलीत नेलं. अशा बाळांसाठी तिथे एक लाकडी फळी होती. मेलेलं मूल आईला दाखवायचं नाही, हा त्या काळी सगळीकडचा नियम होता. दाखवलं तर बाई धसका घेते, दूध चढतं, वेड लागतं, असं सांगत. मीही ते कधी तपासलं नव्हतं. बाई शुद्धीवर यायच्या आत घरचा एखादा पुरुष गाठोडं घेऊन जाई.

म्हातारी त्या खोलीच्या दारात आली. मी दुपटं उघडून दाखवलं. तिनं बघितलं आणि स्वतःच्या हातानं परत झाकलं.

“बाई, माझं एक ऐका. पोरगी व्हती म्हणून सांगा तिला.”

“का?”

“पोरगा म्हटलं तर ती उठायची न्हाय. आन् तिकडची माणसं तिला उठू द्यायची न्हाईत. पयला पोरगा घालवला म्हणून जल्मभर आयकून घ्यावं लागंल तिला. पोरगी म्हटलं की चार दिस रडतील आन् गप बसतील.”

“तुमचा मुलगा नेणार ना बाळाला? त्याला कळेल.”

“त्यो उघडत न्हाय. मी सांगितलंय त्याला, उघडू नगं.”

मावशी बादली घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, “सांगून टाका की सिस्टर. म्हातारीचं काय चुकतंय? एवढं खोटं बोलल्यानं कुणाचं पोट दुखणार हाय?”

मॅडमना मी जिन्यात गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, “घरच्यांचा प्रश्न आहे. आपण कागद बरोबर ठेवायचे.” आणि वर गेल्या.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईचा दीर पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मावशीनं एक माझ्या हातावर ठेवला. पाठीमागच्या खोलीचं दार अजून उघडंच होतं. मी पेढा खाल्ला.

साडेबाराला बाई शुद्धीवर आली.

“काय झालं?”

“मुलगी.”

“रडली न्हाय.”

“नाही.”

तिनं छताकडे बघितलं. मग म्हणाली, “मला दावा की एकडाव.”

“झोप आता.”

“मला पोरगीच पायजे हुती, सिस्टर.”

अव्वा खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

चारच्या सुमाराला नवरा आला. पाळीवरून थेट आला असावा. केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू होते. त्याला सासूनं बाहेर सांगितलं होतं. आत येऊन त्यानं मला एकच विचारलं, “तिला चा दिलासा का?” मी हो म्हटलं. मग तो खाटेशेजारच्या स्टुलावर बसला आणि बायकोच्या पायावरचं पांघरूण नीट करत राहिला.

तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. डिस्चार्ज कार्डं मी भरायची, मॅडम सही करायच्या. वजन, तारीख, लिंग हे रकाने मी रजिस्टरवरून इंग्रजीत उतरवायची. तिचंही तसंच उतरवलं. खोटं तोंडी होतं. ते कागदावरही न्यायला हवं, हे मला सुचलंच नाही. नंतर सुचलं, तेव्हा मनाशी म्हटलं की तिच्या घरी इंग्रजी कोण वाचतंय.

त्या नोकरीत मी एकूण सोळा वर्षं काढली. मी राजारामपुरीतच एका खोलीत भाड्यानं राहायची. लग्नाचा विषय वडील होते तोवर निघत असे, नंतर थांबला. बारशांची बोलावणी येत. जायची, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, घुगऱ्यांची पुडी घ्यायची, निघायची. बायका एकदोन वर्षं ओळख ठेवत, मुलाला पुढे करून “ह्यांनी तुला काढलं बरं का” म्हणत. मुलं आईच्या पदरामागे जात. मग रस्त्यात दिसलं तरी नुसतं हसणं होई, पुढे तेही नाही. यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. माणसाच्या एका दिवसाशी आमचा संबंध, आणि तो दिवस बायका विसरूनच पुढे जातात.

ज्यांचं मूल गेलं त्यांचं वेगळं होतं. त्या विसरत नसत. मंडईत मी समोरून आले तर त्या भाजीवाल्याकडे वळत, नाहीतर रस्ता ओलांडत. एकदा एक बाई सिटी बसमध्ये माझ्या शेजारी बसली, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या थांब्यावर उतरली. तिकीट तिनं स्टँडचं काढलं होतं. मला राग नव्हता. तिनं पाहिलं नव्हतं ते मी पाहिलं होतं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर हे सांगावं असं कुणी नव्हतं, आणि असतं तरी नक्की काय सांगायचं, ते वाक्य मला जुळवता आलं नसतं. मावशी घरी जाऊन नातवंडांवर ओरडायची. मॅडम भजनं लावायच्या. मी कुकर लावायची.

२००४ साली, नागपंचमीला चार दिवस असताना, दुपारी एक बाई प्रसूतिगृहात आली. हातात कापडी पिशवी. गरोदर दिसत नव्हती. बाकावर न बसता सरळ माझ्या टेबलापाशी आली.

“वळखलं का सिस्टर?”

मी ओळखलं नाही. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. अक्षर माझं होतं.

“बसा,” मी म्हटलं. ती उभीच राहिली. मग मी म्हटलं, “बस गं,” तेव्हा बसली.

इचलकरंजीहून गडहिंग्लजला जायला कोल्हापूर वाटेत लागत नाही. पंचमीला भावाकडे निघालेली ती मुद्दाम वळसा घालून आली होती. अव्वा वर्षापूर्वी गेली, असं तिनं सांगितलं. मॅडम वर झोपल्या होत्या; प्रसूतिगृह आता दुसऱ्या डॉक्टर बघत. त्यांना आताशा माणसं आठवत नसत. मावशी काम सोडून गेली होती. म्हणजे ज्यांनी ते बाळ पाहिलं होतं त्यांतली मी एकटी उरले होते.

“माझी पोरगी तिसरीत हाय,” ती म्हणाली. “दुसरेपणाची. ह्या पोरांस्नी पयलीपासनं इंग्लिश हाय. परवा पेटी आवराय काडली, तवा ह्ये तिच्या हाताला लागलं. एकेक अक्षर लावून वाचत बसली. म्हणती, आई, हितं मेल लिवलंय, मेल म्हंजी पुरुष. मी म्हटलं, गप ए शाणे, नर्सबाईंचं चुकलं आसंल घाईत.”

तिनं कार्डावर बोट ठेवलं.

“चुकलंय न्हवं?”

ती पुढे बोलत राहिली. दरवर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती एका मुलीला कपडे द्यायची. पहिल्या वर्षी झबलं, मग फ्रॉक. आपली असती तर जेवढी असती, त्या मापाचा. शेजारची, माहेरच्या गल्लीतली, कोणतीही, वय जुळलं पाहिजे एवढंच. स्वतःच्या मुलीला तिनं तो कधी दिला नव्हता. “तिला वाटाय नगं, मेलेलीचा हाय म्हणून.” या वर्षीचा तिच्या पिशवीत होता. काढून दाखवला. जांभळा, पुढे दोन खिसे, दहा वर्षांच्या मापाचा.

‘हो, घाईत चुकलं,’ एवढंच मला म्हणायचं होतं. ती कार्ड उचलून पुढच्या एसटीला गेली असती. तिला तेच ऐकायचं आहे, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण तेच ऐकायचं असतं तर ती वळसा घालून आली नसती, असंही मला वाटलं. खिडकीची कडी आता हिरवी झाली होती. तिच्याकडे बघून उपयोग नव्हता.

“चुकलेलं नाही,” मी म्हटलं. “मुलगा होता.”

तिनं फ्रॉकची घडी घालायला सुरुवात केली. बाह्या आत, मग कमरेवर एक घडी, मग अजून एक.

“अव्वानं सांगिटलं व्हय?”

“हो.”

“आन् तुमी बोललासा.”

“हो.”

“आसं.” घडी पुरी झाली तरी तिचा हात त्यावरून फिरत होता. “मग धा वरसं मी कुणाला कापडं दिली?”

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यांवरून वाद घालत होता.

“कसा व्हता?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. केस दाट, ओले, कपाळावर चिकटलेले. नखं बोटांच्या पुढे आलेली. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. डाव्या कानाची वरची कड आत दुमडलेली, पान दुमडावं तशी. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. मी भराभर सांगत गेले. दहा वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं आणि ते इतकं तयार असेल, याची मला कल्पना नव्हती.

“डावा कान?”

“डावा.”

“आमच्यात कुणाचा न्हाय तसा.” ती विचार करत होती. “ह्यांच्याकडं आसंल. बघती. सासऱ्यांचा कदी नीट बगिटला न्हाय, पटका आसतोय.”

ती उठली. कार्ड पाकिटात घातलं, पाकीट पिशवीत, वर फ्रॉक. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. दारात चपला घालताना ती थांबली.

“ह्या वर्साचा आणलाय त्यो दिऊन टाकती. फुडच्या खेपंला शर्ट बगाय पायजे. पोरांचं माप कसं धरत्यात, काय म्हाईत.”

ती गेली. संध्याकाळी कामं आटोपल्यावर मी माळ्यावरून १९९४चं रजिस्टर काढलं. सांगितलेलं पडताळून बघायची सवय जुनी होती, एवढंच कारण. त्या दिवसाच्या दोन नोंदी एकाखाली एक होत्या. वरची शेजारच्या टेबलावरच्या मुलाची, पेढेवाल्यांच्या. वेळ अकरा दहा. खालची तिची. वेळ अकरा चाळीस.

मी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. वेळ मी दुसऱ्या बाळाची सांगितली होती. मग कान? त्या सकाळी अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन मुलगे माझ्या हातातून गेले होते. दोघांना मीच पुसलं होतं. रजिस्टरमध्ये कानाचा रकाना नसतो. त्या रात्री आणि पुढे बऱ्याच रात्री मी दोघांना शेजारी शेजारी आठवून पाहिलं. कान कधी एकाला लागायचा, कधी दुसऱ्याला. आणि ती इचलकरंजीत सासऱ्याचा पटका कधी उतरतो याची वाट बघत असणार.

इचलकरंजीचा पत्ता तिनं दिला नव्हता आणि मी विचारला नव्हता. रजिस्टरमध्ये पत्ता तिच्या आईचा होता, गडहिंग्लज तालुक्यातल्या गावाचा. तिथे भाऊ होता आणि पंचमीसाठी ती चार दिवस तिथेच असणार होती. पोस्टकार्ड कुणीही वाचतं, म्हणून मी आंतरदेशीय पत्र आणलं. लिहायला बसले तेव्हा दोनच ओळी झाल्या. ‘तुला सांगितलेली वेळ चुकली. अकरा दहा नव्हे, अकरा चाळीस.’ तिसरी ओळ कानाची लिहायची होती. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि मी काय पाहिलं होतं ते मलाच सांगता येत नव्हतं. ती ओळ कोरीच ठेवून मी पत्र चिकटवलं.

पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही.

पेढेवाल्यांचा मुलगा याच शहरात वाढला असणार. त्यांचं घर कुठे, हे मला माहीत नाही. त्यांचं बारसं मी चुकवलं होतं. तेव्हापासून बसमध्ये, शाळा सुटल्यावर, रंकाळ्यावर त्या वयाचा मुलगा दिसला की मी आधी डावा कान बघते. पहिल्या वर्षी दहाअकरा वर्षांचे बघायची. मग बारा, मग तेरा. आता ते मोटारसायकलवरून जातात आणि कानाला फोन लावलेला असतो.